निळ्या मॉर्निंग ग्लोरीचे बियाणे आणि रोप: वेल मनाजोगती, नाव मात्र चुकीचे

पावसाळ्याच्या तोंडावर निळ्या मॉर्निंग ग्लोरीच्या बियांचे एक पाकीट ऑनलाइन मागवले आणि त्याच सुमारास पुण्याजवळच्या एका रोपवाटिकेतून ‘मॉर्निंग ग्लोरी, निळी’ अशी चिठ्ठी लावलेले एक रोपही आणले. दोन्ही विक्रेत्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण ज्या उणिवेबद्दल लिहायचे आहे ती एखाद्या दुकानापुरती मर्यादित नसून हौशी बागकामाच्या बाजारात सर्रास आढळते. अभिप्राय आधीच सांगतो. बियाणे ताजे आणि जोमदार निघाले, रोपही निरोगी होते आणि दोन्ही वेलींनी डोळ्यांचे पारणे फिटेल अशी फुले दिली. परंतु पाकिटावर जी जात छापली होती ती पाकिटात नव्हती आणि रोपवाटिकेतले रोप या दोन्हींहून वेगळ्या, तिसऱ्याच जातीचे होते. जातीचा हा घोळ वरवर क्षुल्लक वाटला तरी घरच्या बागेत त्याचे परिणाम मोठे असतात: यातली एक वेल हंगाम संपताच वाळून जाते, तर दुसरी वर्षानुवर्षे जगते, पेराशी मुळे फोडते आणि शेजारच्या झाडावर चढून त्याला झाकून टाकते. खत किती घालावे, कुंडी किती मोठी घ्यावी, छाटणी कधी करावी आणि मुळात ही वेल लावावी की नाही, हे सगळे जातीवर ठरते.

पाकिटापासून सुरुवात करू. दर्शनी बाजूस आकाशी निळ्या, पांढऱ्या कंठाच्या फुलांचे छायाचित्र होते आणि त्याखाली ‘हेव्हनली ब्लू’ असे नाव होते. बागकामाची आवड असणाऱ्यांना हे नाव परिचित आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या आयपोमिया ट्रायकलर (आयपोमिया हे मॉर्निंग ग्लोरीच्या वंशाचे शास्त्रीय नाव) या जातीचा तो जुना, नावाजलेला वाण आहे. मागच्या बाजूला ‘भरपूर ऊन, रोज पाणी’ एवढीच सूचना होती. बी किती खोल पेरायचे, पेरण्यापूर्वी भिजवायचे का, वेल एकवर्षायू आहे की बहुवर्षायू, बिया विषारी आहेत का, यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. वेष्टन मात्र चांगले होते. आतली छोटी पिशवी हवाबंद होती, बिया कोरड्या होत्या, त्यांना बुरशीचा वास नव्हता आणि पोचट बी एकही आढळले नाही. बी काळे, मंद चमकीचे, पाच-सहा मिलिमीटर लांबीचे आणि संत्र्याच्या फोडीसारख्या आकाराचे होते, म्हणजे एक बाजू गोलाकार आणि दुसरीकडे दोन सपाट बाजू. गोकर्णाच्या बियांशी घोळ होऊ नये म्हणून हा आकार लक्षात ठेवावा. गोकर्णाचे बी चपटे, गुळगुळीत आणि मुगाच्या डाळीपेक्षा बरेच मोठे असते, त्याला फोडीसारख्या कडा नसतात.

उगवणीबाबत या बियाण्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. मॉर्निंग ग्लोरीच्या बियांचे कवच कठीण असते आणि त्यातून पाणी सहज आत शिरत नाही, त्यामुळे तसेच पेरलेले बी कधी आठवड्यात तर कधी महिन्यानेही उगवते. त्यावर उपाय सोपा आहे. बियाच्या गोल पाठीवर नखे घासण्याच्या कानशीने किंवा पॉलिश कागदाने हलकेच घासून आतला फिकट भाग जेमतेम दिसू लागेल एवढे कवच झिजवावे, आणि मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे. ज्या टोकाशी बी बोंडाला चिकटलेले असते तिथे घासू नये, कारण कोंब त्या बाजूला असतो. सकाळी ज्या बिया दुपटीने फुगलेल्या दिसतात त्या पेराव्यात. ज्या जशाच्या तशा टणक राहिल्या असतील त्या पुन्हा घासून पुन्हा भिजवाव्यात, त्या खराब समजून फेकू नयेत. पेरणी एक ते दीड सेंटिमीटर खोलीवर आणि थेट शेवटच्या कुंडीतच करावी, कारण रोपाचे सोटमूळ लवकर खाली जाते आणि उपटून लावणे त्याला सोसत नाही. जूनच्या उबदार, ओलसर मातीत आठवड्याभरात बहुतेक सगळे बी उगवले.

उगवताना जे दिसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोंब आधी वाकडा, कमान करून वर येतो. बऱ्याचदा काळे कवच टोपीसारखे डोक्यावर अडकलेले असते. ते ओढून काढण्याचा मोह टाळून फक्त पाण्याचा फवारा मारावा, दोन दिवसांत ते आपोआप गळते. मग उलगडणाऱ्या बीजदलांच्या, म्हणजे बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, टोकाला खोल खाच असते, त्यामुळे जोडी उघडल्यावर फुलपाखराचे पंख पसरल्यासारखे वाटते. बीजदले मुळीच खाचेची नसतील आणि साधी लंबगोल असतील, तर ते रोप मॉर्निंग ग्लोरीचे नाही, हे फुलांची वाट न पाहता सांगता येते.

आता मुख्य प्रश्न. ही वेल आयपोमिया ट्रायकलर नाही हे पहिल्या खऱ्या पानांवरूनच लक्षात येऊ लागले. ट्रायकलरची पाने अखंड, हृदयाकृती आणि हाताला गुळगुळीत लागतात, खोडावरही लव नसते. या वेलीची पाने तीन खंडांची होती, मधला खंड मोठा आणि टोकदार, बाजूचे दोन आखूड. खोडावर खालच्या दिशेने वळलेली, बोट वर नेले तर खरखरीत लागणारी लव होती. तरीही केवळ पानावरून निकाल देणे धोक्याचे आहे, कारण या वंशात एकाच वेलीवर अखंड आणि खंडित अशी दोन्ही प्रकारची पाने येऊ शकतात. खात्री होते ती फूल उमलल्यावर, आणि तीही फुलाच्या पुढच्या बाजूकडे पाहून नव्हे. सगळ्या निळ्या मॉर्निंग ग्लोरी समोरून सारख्याच दिसतात, तोच नरसाळ्याचा आकार आणि त्याच पाच फिकट पट्ट्यांची चांदणी. मोबाइलवरची वनस्पती ओळखणारी ॲप्स याच कारणाने एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरे नाव सांगतात. त्यांना आपण फुलाचा दर्शनी भागच दाखवतो. फूल उलटे करून देठापाशी असलेल्या पाच हिरव्या निदलांकडे पाहिले की उत्तर मिळते.

आमच्या कुंडीतल्या फुलाची निदले दोन ते अडीच सेंटिमीटर लांब, अरुंद, टोकाकडे दोऱ्यासारखी निमुळती होत गेलेली होती, आणि बुडाशी पसरट, राठ, पांढरट केसांचा दाट झुबका होता. हे वर्णन आयपोमिया निल या जातीचे आहे. आपल्याकडे हिच्याच बियांना काळादाणा म्हणतात आणि काष्ठौषधींच्या दुकानांत त्या याच नावाने मिळतात. ट्रायकलरची निदले जेमतेम अर्धा सेंटिमीटरची, त्रिकोणी, बिनकेसांची आणि कळीला घट्ट चिकटलेली असतात. म्हणजे दोन्ही फुले शेजारी उलटी ठेवली तर लहान मुलालाही फरक सांगता येईल. आयपोमिया पुरपुरिया या जांभळट, कधी निळ्या फुलांच्या आणखी एका जातीत निदले साधारण एक ते दीड सेंटिमीटरची, केसाळ पण रुंद आणि एकाएकी टोकदार झालेली असतात, आणि पाने बहुधा अखंड हृदयाकृती असतात. आयव्हीसारख्या पानांची आयपोमिया हेडेरेशिया ही जात निलच्या इतकी जवळची आहे की जुन्या पुस्तकांत दोहोंची नावे एकमेकींत मिसळलेली दिसतात. तिची ओळख म्हणजे निदलांची टोके बाहेरच्या बाजूला स्पष्टपणे वळलेली असतात आणि फूल लहान असते. निलची टोके सरळ किंवा किंचितच झुकलेली राहतात.

बोंड तयार झाल्यावर आणखी एक पुरावा हाती येतो. निल, पुरपुरिया आणि हेडेरेशिया यांच्या बोंडात तीन कप्पे असतात आणि साधारण सहा बिया मिळतात. ट्रायकलरच्या बोंडात दोन कप्पे आणि चार बिया असतात, शिवाय ते बोंड जास्त लांबट, टोकदार असते. आमची बोंडे गोल, तीन कप्प्यांची निघाली. विक्रेत्याला हे सगळे छायाचित्रांसह कळवले, तेव्हा पैसे परत देण्याची तयारी त्याने तत्काळ दाखवली, याचे श्रेय दिले पाहिजे. पाकिटावरचे नाव दुरुस्त करणार का, या प्रश्नाला मात्र उत्तर आले नाही, आणि माझी खरी अपेक्षा तीच होती.

रोपवाटिकेतल्या रोपाची कथा वेगळी आहे आणि त्याबद्दल थोडे कडक लिहावे लागेल. ते रोप आयपोमिया इंडिका होते. फुले निळी-जांभळी, सहा ते आठ सेंटिमीटर रुंद, एका देठावर घोसाने येणारी. निदले लांब, हळूहळू निमुळती, पण त्यांच्या बुडाशी निलसारखे राठ केस नाहीत. बियांच्या वेलींच्या मानाने ही फुले दिवसा जास्त वेळ टिकतात, ढगाळ दिवशी तर दुपार उलटून गेली तरी उघडी असतात, आणि वेल वर्षातला बराच काळ फुलत राहते. केवळ देखणेपणाच्या कसोटीवर पाहिले तर या तिन्हींत हीच पहिली येईल. पण ती बहुवर्षायू आहे, बागेत तिला बी फारसे धरत नाही, आणि तिचा प्रसार होतो तो खोडाच्या तुकड्यांतून: जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराशी मुळे फुटतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांत ती बागेतून निसटून रानात शिरली आणि झाडे झाकून टाकणारे तण म्हणून तिथे तिची नोंद आहे. बैठ्या बंगल्याच्या कुंपणाला, ज्याच्या पलीकडे ओढा किंवा मोकळी टेकडी आहे, तिथे ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. रोपवाटिकेतल्या काकांना विचारले असता ‘एकच जात आहे, बियांची आणि छाटाची’ असे त्यांनी सांगितले. त्यांच्या सांगण्यात फसवणूक नव्हती, त्यांना ते तसेच मिळाले होते. पण गिऱ्हाईक ज्या भरवशावर रोप घरी नेते तो भरवसा या एका वाक्यावर उभा असतो. मोठ्या सिमेंटच्या कुंडीत, चारी बाजूंनी फरशी असलेल्या गच्चीवर ती सुरक्षित आहे, अट एवढीच की छाटलेल्या फांद्या नाल्याकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर न टाकता उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मगच खताच्या खड्ड्यात घालाव्यात.

निळ्या वेली मागवताना आणखी दोन-तीन झाडे याच नावाखाली गळ्यात पडतात. गोकर्ण हे शेंगावर्गातले झाड, त्याची पाने संयुक्त आणि शेंग चपटी. थनबर्जिया ग्रँडिफ्लोराची फिकट निळी फुले मोठी असली तरी त्यांना पाच ठळक, असमान पाकळ्या दिसतात, अखंड नरसाळे नसते. तिचे खोड पुढे लाकडासारखे जाड होते आणि ती मांडव वाकवण्याइतकी वजनदार होते. रुळांच्या कडेला आणि कुंपणांवर जांभळट-गुलाबी फुलांनी लगडलेली जी वेल सर्वत्र दिसते ती आयपोमिया कैरिका, पंजासारखी पाच खंडांची पाने असलेली. ती कोणी निळी म्हणून विकत असेल तर सरळ नाही म्हणावे, कारण ती फुकट मिळते आणि एकदा आली की जात नाही. शोभेसाठीच लहान वेल हवी असेल तर लाल फुलांची आणि पिसासारख्या पानांची गणेशवेल याच वंशातली आहे, तिला जागाही कमी लागते.

आता निळ्या रंगाविषयी, कारण पाकिटावरच्या छायाचित्रात आणि प्रत्यक्ष फुलात फरक आहे अशी तक्रार अनेक जण करतात. या फुलांचा रंग दिवसभर एक राहत नाही. कळी तांबूस-जांभळी असते, उमललेले फूल निळे होते आणि मिटताना ते पुन्हा गुलाबी-जांभळे होते. यातले रंगद्रव्य बदलत नाही, पाकळीच्या पेशींमधला रस बदलतो. हेव्हनली ब्लूच्या पाकळ्यांवर जपानी संशोधकांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की कळी उमलताना पेशीरसाचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) 6.6 वरून 7.7 पर्यंत चढतो आणि तेच रंगद्रव्य जांभळ्याचे निळे होते. निल जातीत हे काम करणारे जनुकही पुढे सापडले. ते बिघडले की निळ्याऐवजी जांभळे फूल येते. त्यामुळे सकाळी सहाला काढलेले छायाचित्र आणि अकराला काढलेले छायाचित्र यांची तुलना करून ‘रंग फसवा निघाला’ असा अभिप्राय देणे विक्रेत्यावर अन्याय करणारे ठरेल. आमच्या निल वेलीचा निळा रंग छायाचित्रातल्या आकाशीपेक्षा गडद होता, कंठ पांढरा होता आणि ट्रायकलरमध्ये कंठाच्या तळाशी जी पिवळसर झाक असते ती नव्हती. हा रंग मला छायाचित्राहून अधिक आवडला, पण ज्याला आकाशी हवा असेल त्याची निराशा होईल.

फुले कधी येतात, याबाबत पाकिटावर काहीही नसणे ही मोठी उणीव आहे. निल ही लघुदिवसी वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधाराची मिळाली की ती कळ्या धरते. या जातीचा ‘व्हायोलेट’ नावाचा जपानी वाण वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध झाला तो यामुळेच: उगवून आलेल्या कोवळ्या रोपाला 16 तासांची एकच अखंड रात्र दिली तरी ते फुलू लागते, आणि त्या रात्री मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर फुलोरा थांबतो. आपल्याकडे याचा अर्थ असा की जूनमध्ये, दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असताना पेरलेली वेल आधी पाने आणि लांबी वाढवते आणि खरा बहर ऑगस्टच्या पुढे, दिवस आखडू लागल्यावर येतो. सप्टेंबरच्या अखेरीस पेरलेली वेल गुडघ्याएवढी होताच फुलू लागते. ज्यांच्या बाल्कनीसमोर सोसायटीचा दिवा रात्रभर जळतो त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आमच्याकडे पार्किंगच्या दिव्यासमोरच्या जाळीवर चढलेल्या फांद्या कितीतरी दिवस नुसत्या पानांनी भरलेल्या होत्या, आणि त्याच कुंडीतून मागच्या काळोख्या बाजूला वळवलेल्या फांद्यांवर कळ्या आधी लागल्या. अशा ठिकाणी खत वाढवून उपयोग होत नाही, उलट पानेच वाढतात. कुंडी हलवणे किंवा दिव्याच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा करणे हाच उपाय आहे.

उमलण्याची वेळही अंधारावर ठरते. सूर्य मावळल्यापासून साधारण दहा तासांनी निलची कळी उघडते, म्हणून ऑक्टोबरात पहाटे चार-साडेचारच्या सुमारास फूल उमललेले असते आणि कडक ऊन असेल तर नऊ-दहापर्यंत ते मिटायला लागते. ज्यांना सकाळी आठनंतरच बाल्कनीत डोकावायला फुरसत मिळते त्यांनी कुंडी पूर्वेऐवजी पश्चिमेच्या बाजूस, सकाळची सावली मिळेल अशी ठेवावी. त्याने फूल तास-दोन तास जास्त टिकते, आणि दुपारनंतरचे ऊन वेलीच्या वाढीला पुरते.

मांडणीसाठी जपानी पद्धत आपल्या छोट्या बाल्कन्यांना अगदी सोयीची आहे. तिकडे या फुलाला असागाओ म्हणतात. आठव्या शतकाच्या आसपास चीनमधून औषध म्हणून तिथे गेलेले हे बी एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) शोभेचे झाले, त्याचे चित्रविचित्र पानाफुलांचे प्रकार निपजवण्याची लाट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उसळली, आणि तोक्योच्या इरिया भागात आजही दरवर्षी 6 ते 8 जुलै या दिवसांत असागाओचा बाजार भरतो. तिथे कुंड्या विकल्या जातात त्या कंदिलाच्या आकारात बांधलेल्या: कुंडीच्या कडेने तीन-चार बारीक काठ्या रोवून त्यांना तारेची किंवा बांबूची वर्तुळे एकावर एक बांधलेली असतात आणि वेल त्यांभोवती तिरकी फिरवत नेलेली असते. तीन-चार मीटर लांबीची वेल अशा रीतीने हातभर उंचीत मावते. वेल फिरवताना वरून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच न्यावी. उलटी गुंडाळली तर शेंडा दुसऱ्या दिवशी स्वतःला सोडवून घेतो. सहा-सात पाने आल्यावर शेंडा एकदा खुडला तर बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुले खालपासून वरपर्यंत येतात.

कुंडी दहा-बारा इंची पुरते. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू एवढे मिश्रण पुरेसे आहे. युरिया किंवा नत्र जास्त असलेले कोणतेही खत वारंवार देऊ नये, पाने तळहाताएवढी होतात आणि कळ्या रुसतात. पावसाच्या उघडिपीत दुपारी पाने मलूल दिसली तरी लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती आपोआप ताठ होत असतील तर मुळाशी ओल आहे असे समजावे. पाकिटावरचे ‘रोज पाणी’ हे मुंबई-कोकणातल्या जुलैमध्ये रोप कुजवायला पुरेसे आहे.

किडींच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते हे की ही वेल रताळ्याची सख्खी नातेवाईक आहे, त्यामुळे रताळ्यावरच्या किडी तिच्यावर येतात. पानांना वाटोळी भोके दिसली तर पानाची मागची बाजू पाहावी. तिथे कासवासारखे पाठीवर पारदर्शक कवच असलेले लहान भुंगे आणि त्यांच्या काटेरी अळ्या आढळतात. कुंडीतल्या वेलीवर त्या हाताने वेचून काढणे शक्य असते. शेपटीला शिंग असलेली जाड, मोठी अळी एका रात्रीत फांदी ओकीबोकी करू शकते. ती कॉन्व्हॉल्व्हुलस हॉक मॉथ या मोठ्या पतंगाची असते. पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आला तर पानांच्या खालून पाण्याचा जोरकस फवारा मारावा. रासायनिक औषधाची गरज आम्हाला भासली नाही.

एका बाबतीत मात्र विक्रेत्यांना सवलत देता येणार नाही. या वेलींच्या बिया विषारी आहेत. निलचे बी हे जुने तीव्र रेचक आहे आणि ते वैद्याच्या देखरेखीबाहेर घेण्याची वस्तू नाही. ट्रायकलरच्या बियांत एर्गॉट (धान्यावर येणारी विषारी बुरशी) वर्गातली अल्कलॉइड द्रव्ये असतात, जी मनावर आणि शरीरावर घातक परिणाम करतात. शिवाय विक्रीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असू शकते. घरात लहान मूल, कुत्रे किंवा मांजर असेल तर बोंडे वाळण्यापूर्वी काढून ठेवावीत आणि पाकीट स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जवळ ठेवू नये. गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा अलीकडे अनेक घरांत केला जातो. त्यामुळे दोन्ही वेली शेजारी लावलेल्या असतील तर फुले खुडणाऱ्या प्रत्येकाला फरक दाखवून ठेवावा, कारण मॉर्निंग ग्लोरी खाण्याची किंवा उकळून पिण्याची वस्तू नाही. एवढी सूचना पाकिटावर दोन ओळींत मावली असती, आणि ती नसल्याबद्दल मी या उत्पादनाचा सर्वांत मोठा गुण कापतो.

मग घ्यावे का? एका हंगामापुरती, आटोपशीर, पहाटे भरभरून फुलणारी निळी वेल हवी असेल तर हे पाकीट जरूर घ्यावे. फक्त आपण हेव्हनली ब्लू नव्हे तर आयपोमिया निल लावत आहोत हे समजून घ्यावे. आकाशी रंगाचाच आग्रह असेल तर ज्या विक्रेत्याकडे पूर्ण शास्त्रीय नाव छापलेले आहे आणि ज्याने फुलाच्या मागच्या बाजूचे किंवा निदान कळीचे छायाचित्र दिले आहे त्याच्याकडून मागवावे, आणि तशी विचारणा मागवण्यापूर्वीच करावी. छाटापासून केलेले इंडिकाचे रोप ज्यांच्याकडे मोठी गच्ची, पक्की कुंडी आणि दर दोन-तीन महिन्यांनी छाटणी करण्याची तयारी आहे त्यांनाच सुचवेन.

निलचे पाकीट एकदाच घ्यावे लागते, हाही त्याचा एक गुण. फूल उमलतानाच त्याचे परागकोश (पुंकेसरांची टोके) कुक्षीला (स्त्रीकेसराच्या टोकाला) घासून जातात आणि बहुतेक बी स्वपरागणाने धरते, त्यामुळे पुढच्या पिढीत रंग सहसा बदलत नाही. बोंडे तपकिरी होऊन कागदासारखी कुरकुरीत झाली की फुटण्यापूर्वी काढावीत, आठवडाभर सावलीत वाळवावीत आणि बिया कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवाव्यात. अशा बिया काही वर्षे सहज उगवतात. खाली पडलेल्या बियांतून जुलैमध्ये शेजारच्या कुंड्यांत जी फुलपाखरी बीजदले दिसतील ती हवी तेवढी ठेवून बाकीची दोन पानांवर असतानाच उपटावीत. वेल चढू लागल्यावर ती ज्या झाडाला धरते त्याच्या शेंड्यासकट सोडवावी लागते.